मोटार सुरू होत नाही तेव्हा

किल्ली फिरवावी आणि मोटारीचे इंजिन सुरू व्हावे, ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे की तिच्यामागे काही घडत असते याचे भानही चालकाला राहत नाही. ते भान येते एखाद्या सकाळी, किल्ली फिरते पण इंजिन सुरू होत नाही तेव्हा. अशा वेळी बहुतेक माणसे एकच उपाय करतात : ती किल्ली पुन्हा फिरवतात. मग आणखी एकदा, आणि आणखी जोराने, जणू मनगटातील जोरावरच इंजिनाचे चालणे अवलंबून आहे. पाचसात मिनिटांत बॅटरी उतरते. मूळचा दोष कदाचित एखाद्या सैल तारेएवढाच असतो; पण आता तो उतरलेल्या बॅटरीच्या आड दडून जातो. मेकॅनिक येतो तेव्हा त्याला एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात आणि मालकाला दोहोंचे पैसे मोजावे लागतात.

हानी नेहमी पैशापुरतीच मर्यादित राहते असेही नाही. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली मोटार घाईने सुरू करू गेल्यास सबंध इंजिन निकामी होऊ शकते. बंद गॅरेजात इंजिन चालवून पाहण्याच्या नादात माणसांचे प्राण गेले आहेत. तेव्हा इंजिन का सुरू होत नाही हे शोधण्याची रीत मेकॅनिकपुरती राखून ठेवावी अशी नाही. ती अवघडही नाही. तिला हत्यारांपेक्षा क्रमाची गरज अधिक आहे.

इंजिनाच्या चार गरजा

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाला सुरू होण्यासाठी चार गोष्टी लागतात. पहिली, कोणीतरी ते बाहेरून फिरवावे लागते. कारण स्वतःच्या बळावर पहिला फेरा घेणे त्याला शक्य नसते. दुसरी, हवा व पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण सिलिंडरात यावे लागते. वजनाने पाहिल्यास एक भाग पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. तिसरी, दट्ट्याने ते मिश्रण दाबले गेले पाहिजे. चौथी, नेमक्या क्षणी प्लगच्या टोकांमध्ये ठिणगी पडली पाहिजे. या चारही गोष्टी जुळून आल्या तर इंजिन सुरू होतेच. न सुरू होणाऱ्या इंजिनात यांपैकी किमान एक उणी असते. सारा शोध म्हणजे ती उणी गोष्ट कोणती, एवढाच प्रश्न होय.

इंजिन फिरवण्याचे काम पूर्वी माणसाचा हात करीत असे. मोटारीच्या पुढच्या बाजूस लोखंडी हँडल अडकवून ते जोराने फिरवावे लागे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देई आणि मनगट मोडे. म्हणूनच हँडल मारताना अंगठा बोटांच्या समोर न आणता त्यांच्याच बाजूला ठेवावा, असे नवशिक्याला आवर्जून शिकवले जाई. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने १९११ साली विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. केटरिंगने त्यापूर्वी दुकानातील रोकड नोंदवणाऱ्या यंत्रासाठी एक छोटे विद्युत् चलित्र बनवले होते. काही क्षणच चालायचे असेल तर लहान चलित्राकडूनही त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठे काम करून घेता येते, हे त्याच्या ध्यानात आले होते. आजचा स्टार्टर, म्हणजे चालकांच्या बोलीतील ‘सेल्फ’, याच तत्त्वावर चालतो. तो क्षणभराच्या श्रमासाठी घडवलेला असतो. मिनिटभर राबवला तर तो तापतो आणि जळतो. म्हणून एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये निदान अर्धा मिनिट जाऊ द्यावे.

हँडलची सोय आपल्याकडे बराच काळ टिकून होती. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या ॲम्बॅसडर मोटारीला हँडल लावता येत असे. तिचे उत्पादन २०१४ साली थांबले. आजच्या मोटारींना हँडलची जागाच नसते. त्यामुळे बॅटरी आणि सेल्फ यांचे आरोग्य पूर्वीपेक्षा अधिक महत्त्वाचे ठरले आहे.

पहिला साक्षीदार : आवाज

सुरू न होणारी मोटार सहसा अगदी मुकी नसते. किल्ली एकदाच फिरवून काय ऐकू येते व काय दिसते याकडे नीट लक्ष दिले, तर अर्धा शोध तेथेच संपतो.

किल्ली फिरवल्यावर काहीच घडले नाही, समोरच्या पट्टीवरील दिवेही लागले नाहीत, तर बॅटरी पूर्ण उतरलेली असते किंवा तिची जोडणी तुटलेली असते. भराभर ‘कट्‌कट्‌कट्‌’ असा आवाज येत असेल तर बॅटरीत थोडा जीव आहे, पण सेल्फ फिरवण्याइतका नाही, असे समजावे. एकदाच मोठा ‘टक्‌’ असा आवाज होऊन पुढे शांतता पसरली, तर सेल्फ अडकला आहे, किंवा त्याच्यापर्यंत पुरेसा विद्युत्‌प्रवाह पोचत नाही. इंजिन कण्हत कण्हत फिरत असेल तर बॅटरी दुबळी आहे. सेल्फ स्वतः सूंऽऽ करीत वेगाने फिरतो पण इंजिन हलत नाही, असे असेल तर सेल्फचे दात फ्लायव्हीलच्या दातांत गुंतत नाहीत. आणि इंजिन नेहमीच्या गतीने फिरत असून पेट घेत नसेल तर बॅटरी व सेल्फ दोघेही निर्दोष ठरतात. दोष ठिणगीत, इंधनात किंवा दाबात शोधावा लागतो.

इंजिन फिरते की फिरत नाही, हा एकच प्रश्न अशा रीतीने सर्व संभाव्य दोषांचे दोन गट पाडतो आणि त्यांतील एक गट तत्काळ बाजूला काढतो. पुढचा प्रत्येक प्रश्नही असाच असावा : उत्तर काहीही आले तरी उरलेल्या शक्यता निम्म्याने कमी करणारा.

इंजिन फिरत नसेल तर

मोटारीच्या बॅटरीत सहा घट असतात. प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट दाब देतो. म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. हा आकडा १२ वर आला तर ती जवळजवळ उतरली असे समजावे. ज्या बॅटरीची झाकणे उघडता येतात तिची परीक्षा हायड्रोमीटरनेही करता येते. भरलेल्या बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२४ ते १.२८ असते, पुरती उतरल्यावर ते १.१२ च्या आसपास येते. सहापैकी एकाच घटाचे विशिष्ट गुरुत्व इतरांपेक्षा बरेच कमी भरले, तर तो घट निकामी झाला आहे. मग कितीही वेळ चार्जिंग केले तरी त्या बॅटरीचा भरवसा धरता येत नाही.

मापनाचे साधन हाताशी नसल्यास मोठे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे आधीपासूनच मंद असतील तर बॅटरी उतरली आहे. किल्ली फिरवतानाही दिवे तसेच प्रखर राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर प्रवाह सेल्फकडे जातच नाही. मधला स्विच, रिले अथवा तार तपासावी. परंतु दिवे आधी प्रखर असून किल्ली फिरवताच एकदम विझत असतील, तर नवी बॅटरी विकत घेण्याची घाई करू नये. अशा वेळी पुष्कळदा दोष बॅटरीच्या टोकांवर जमलेल्या पांढऱ्या-हिरवट क्षारांत असतो.

असे का व्हावे, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. दोन्ही मोठे दिवे मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. लहान मोटारीच्या सेल्फला मात्र सुमारे १५० अँपिअर लागतात. क्षारांमुळे जोडणीत एक ओहमच्या विसाव्या भागाएवढा रोध निर्माण झाला आहे असे समजू. दिव्यांच्या प्रवाहाला त्या जागी केवळ अर्ध्या व्होल्टची गळती सोसावी लागते. ती डोळ्यांना जाणवतही नाही. सेल्फच्या प्रवाहाला मात्र तेथेच साडेसात व्होल्ट गमवावे लागतील. बारा व्होल्टांतून इतके गेल्यावर सेल्फ फिरणार कसा? म्हणून आधी टोके सोडवावीत, गरम पाणी व खाण्याचा सोडा यांनी धुवावीत, घासून चकचकीत करावीत आणि घट्ट आवळावीत. सोडवताना ऋण टोक प्रथम काढावे व जोडताना ते शेवटी जोडावे, म्हणजे पान्याचा स्पर्श मोटारीच्या सांगाड्याला होऊन ठिणगी उडण्याचे भय राहत नाही. बॅटरीची दुसरी ऋण तार इंजिनाला किंवा सांगाड्याला जेथे जोडलेली असते, ती जागाही अशीच पाहावी. तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

दुसऱ्या मोटारीच्या बॅटरीवरून वीज घ्यायची असल्यास क्रम पाळणे आवश्यक आहे. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला लावून तिचे दुसरे टोक बंद पडलेल्या मोटारीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर, जोडावे. शेवटच्या जोडणीच्या वेळी ठिणगी उडते, आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ते मिश्रण स्फोटक होते. बॅटरीवर वाकून विडी-सिगारेट ओढणारा किंवा काडी पेटवून पाणी पाहणारा माणूस डोळे गमावू शकतो, त्याचे कारण हेच.

धक्का मारून मोटार सुरू करण्याची प्रथा आपल्याकडे सर्वत्र आहे. हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत, दुसरा गिअर घालून क्लच दाबून ठेवावा आणि वेग येताच तो सोडावा, ही रीत योग्यच आहे. परंतु स्वयंचलित गिअरच्या मोटारीला ती लागू पडत नाही. बॅटरी अगदीच निष्प्राण असेल तर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटारीतही तिचा उपयोग होत नाही. भारतातील चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक बसवणे सुरू झाले व पुढे तो देशभर आला. वारंवार धक्के मारल्यास न जळलेले पेट्रोल त्या परिवर्तकात जाऊन तेथे जळते व तो खराब होतो.

इंजिन फिरते, पण पेटत नसेल तर

आता प्रश्न उरतो तो ठिणगी नाही की इंधन नाही, हा. कार्बोरेटर असलेल्या जुन्या मोटारीत याचे उत्तर प्लगच देतो. काही सेकंद सेल्फ मारून एक प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल सिलिंडरापर्यंत येत नाही. तो ओला असून त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल येते, पण पेटत नाही. म्हणजे ठिणगी नाही, अथवा पेट्रोल वाजवीपेक्षा जास्त झाले आहे. जास्त झाले असल्यास चोक पूर्ण उघडावा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. भरपूर हवा आत जाऊन जादा पेट्रोल बाहेर पडते. तेवढ्याने काम न झाल्यास प्लग काढून वाळवावेत.

ठिणगीचा मार्ग बॅटरीपासून कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, जाड तारा व प्लग असा असतो. कॉइल बारा व्होल्टांचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. हे काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन छोट्या पॉइंटांच्या उघडझापेवर अवलंबून असते. त्यांच्यातील फट साधारणतः ०.४ मिलिमीटर असते. पॉइंट जळून काळे पडले किंवा फट मिटली की ठिणगी नाहीशी होते. बारीक पॉलिश कागदाने ते घासून फट पुन्हा नीट केल्यावर रस्त्यातच जीव धरलेल्या मोटारी असंख्य असतील. ठिणगी आहे की नाही हे पाहण्यासाठी प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून सेल्फ मारण्याची जुनी पद्धत आहे. ती करताना रबरी आवरणाची पक्कड वापरावी आणि जवळपास पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या मोटारीवर हा प्रयोग चालकाने करू नये. तेथील दाब याहूनही मोठा असतो आणि नियंत्रक यंत्रणा जळण्याचा संभव असतो.

पेट्रोलच्या मार्गात पहिली शंका टाकीची घ्यावी. काटा अर्धी टाकी दाखवत असला तरी तो खरे बोलतोच असे नाही. त्यानंतर फिल्टर, पंप आणि कार्बोरेटरमध्ये अडकलेला कचरा यांचा क्रम लागतो.

नव्या मोटारींत कार्बोरेटर व पॉइंट दोन्ही नाहीत. पेट्रोल पंप टाकीतच बसवलेला असतो. बहुतेक मोटारींत किल्ली पहिल्या टप्प्यावर आणताच तो सुमारे दोन सेकंद बारीक गुणगुणतो. मागच्या आसनाजवळ कान देऊन ही गुणगुण ऐकावी. पूर्वी येत असलेला तो आवाज येत नसेल तर पंपाचा फ्यूज, मग रिले, मग पंप असे तपासत जावे. किल्लीतील सूक्ष्म चकती मोटारीने ओळखली नाही तरीही इंजिन पेट घेत नाही. तेव्हा समोरच्या पट्टीवर किल्लीच्या किंवा कुलपाच्या चित्राचा दिवा लुकलुकतो. अशा वेळी दुसरी किल्ली लावून पाहावी. क्रँकशाफ्टची स्थिती सांगणारा संवेदक बिघडला तर ठिणगी केव्हा द्यावी हे नियंत्रकाला कळत नाही आणि पुष्कळदा ठिणगी व इंधन दोन्ही एकाच वेळी बंद होतात. हा दोष संगणकीय परीक्षकाने सापडतो. मात्र परीक्षक दाखवतो तो सांकेतिक अंक म्हणजे निकाल नव्हे. शोध कोठे घ्यावा याची ती केवळ सूचना असते. संवेदकाची तार उंदराने कुरतडली असली तरी अंक तोच येतो.

एका दोषाची खूण मात्र कानालाच कळते. इंजिन नेहमीपेक्षा वेगाने व विनासायास, कोठेही न अडखळता फिरत असेल, तर झडपा चालवणारा दातेरी पट्टा तुटला असण्याची शक्यता असते. मग दाब निर्माणच होत नाही. तेव्हा पुन्हा सेल्फ मारू नये. कारण काही इंजिनांत उघड्या राहिलेल्या झडपांवर दट्टे आदळतात.

प्रदेश आणि ऋतू

भारतासारख्या देशात एकच मोटार वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या कारणांनी बंद पडते. राजस्थानच्या मैदानात मे महिन्यात, किंवा लांब घाट चढून आल्यावर थांबलेल्या जुन्या मोटारीत, तापलेल्या नळीतील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला असतो. वाफ त्याला ढकलता येत नाही. ॲम्बॅसडरचे चालक अशा वेळी पंपावर ओले फडके टाकून स्वस्थ बसत. तो उपाय शास्त्रशुद्ध होता : गारव्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि वीस मिनिटांनी मोटार काही न घडल्यासारखी सुरू होते. कोकण, केरळ व आसाम येथील पावसाळ्यात याउलट डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात ओल साचते आणि ठिणगी भलत्याच वाटेने निघून जाते. कोरड्या कापडाने टोपण व तारा पुसणे हाच तेथील इलाज. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते. पाणी मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल व पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात आणि पंप नेमका तेथूनच ओढतो. म्हणून टाकीचे झाकण पावसाळ्यात घट्ट बसते की नाही हे पाहणे अगत्याचे आहे.

लडाखच्या हिवाळ्यात परीक्षा बॅटरीची व डिझेलची होते. शून्याखाली १८ अंश तापमानात बॅटरीची शक्ती उन्हाळ्यातील शक्तीच्या सुमारे ४० टक्के उरते, आणि नेमके तेव्हाच घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला अधिक बळ लागते. उतरलेल्या बॅटरीतील द्रव गोठूही शकतो. गोठलेल्या बॅटरीला कधीही वीज देऊ नये, ती फुटते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबाने तापलेली हवाच इंधन पेटवते, आणि थंडीत ती हवा पुरेशी तापत नाही. शिवाय साध्या डिझेलमधील मेण गोठून फिल्टर बंद होतो. टाकीखाली जाळ करण्याचा धोक्याचा मार्ग चालक पत्करीत, तो याच अडचणीपायी. नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल उपलब्ध करण्यात आले. ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहते.

सर्वांत मोठी हानी पूर करतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी रस्त्यावरील पाणी हवेच्या नळीवाटे सिलिंडरात शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. आत पाणी असताना सेल्फ मारला किंवा मोटार ढकलली, तर वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात नुसते उभे राहिलेले इंजिन उघडून, वाळवून, तेल बदलून पुष्कळदा वाचवता येते. तेच इंजिन एका किल्लीने भंगारात जाऊ शकते. साध्या विम्यात अशा नुकसानीची भरपाईही सामान्यतः मिळत नाही. म्हणून पाण्यात बंद पडलेली मोटार सुरू करून पाहू नये. बॅटरीचे टोक सोडवून ती ओढून न्यावी.

कोठे थांबावे

ज्याला थांबता येते तोच दोष शोधू शकतो. पेट्रोलचा उग्र वास येत असेल तर सेल्फ मारणे तेथेच थांबवावे. फ्यूज पुन्हा पुन्हा जळत असेल तर त्याच्या जागी जाड तार घालू नये. फ्यूज जळतो तो आग टाळण्यासाठी. दरवाजा बंद असलेल्या गॅरेजात इंजिन क्षणभरही चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून ठेवते. डोके जड झाल्याचे कळेपर्यंत माणसाच्या पायांतील बळ गेलेले असते.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहून मगच पुढे जावे. प्लग, कॉइल आणि पंप एकाच दिवशी बदलून मोटार सुरू झालीच, तरी दोष कशात होता हे कोणालाच कळत नाही आणि दोन चांगल्या भागांची किंमत व्यर्थ जाते. प्रत्येक दोष चालकाला दूर करता येईल असे नाही. तशी अपेक्षाही नाही. परंतु ‘गाडी चालू होत नाही’ एवढेच सांगणारा मालक आणि ‘दिवे प्रखर आहेत, सेल्फ नीट फिरतो, प्लग ओला निघाला, ठिणगी दिसत नाही’ असे सांगणारा मालक यांत मोठे अंतर आहे. पहिल्याच्या मोटारीचा शोध मेकॅनिकला आरंभापासून घ्यावा लागतो. दुसऱ्याच्या मोटारीत तो सरळ कॉइलच्या तारेला हात घालतो.